काटा जिथं पडतो

मनुष्यजातीच्या इतिहासात खरे क्रांतिकारक शोध तीनच: अग्नी, चाक आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

हे वाक्य मी आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात दरवर्षी पहिल्या तासाला म्हणत असे. हातात खडू, नजर खिडकीबाहेर, आवाज शक्य तितका खोल. मग वर्गात गंभीर शांतता पसरे आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारी, "सर, हजेरी झाली का?"

त्या दिवशी तासगावला दाजींच्या अंगणात, त्यांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून मी हेच वाक्य म्हटलं. वातावरण जरा हलकं व्हावं, एवढाच हेतू होता. दाजी म्हणाले, "चपला काढून ये. फरशीवर चिखल येतोय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्माक्काचे यजमान. श्रेणिक मगदूम, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले. त्यांची जीप दिसली की बेदाण्याच्या बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापाऱ्यांना खोकल्याची साथ येई. लग्नात मेव्हणा म्हणून मी त्यांचा कान पिळला, तेव्हा बाकीचे नवरदेव ओरडतात तसे ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "थोडा जास्त होतोय." तेव्हापासून मी त्यांना मानतो.

अक्काला जाऊन चारेक महिने झाले होते. ती उन्हाळ्यात गेली, आणि आता पाऊस सरत आला होता. मी सांगलीत राहत असूनही दाजींनी कधी आपणहून बोलावलं नव्हतं. मग एकदम फोन आला.

"ये. येताना तुझा मीटर आण. काट्याचा. आकडेवाला नको."

"कशाला, दाजी?"

"गाडी तपासायचीय. त्रिशला म्हणते, विकून टाका." त्रिशला म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात असते.

"मग घेणारा तपासून घेईल की."

"घेणाऱ्यासाठी नव्हे," दाजी म्हणाले. "मला निकाल पाहिजे."

ती गाडी तशी अक्काचीच. म्हणजे कागदोपत्री दाजींची, पण चालवायची अक्का. दाजी शेजारी बसायचे. गाडीला दोन ब्रेक होते, एक अक्काच्या पायाखाली आणि एक दाजींच्या तोंडात. गाडी घरी आली त्याच दिवशी दाजींनी वेगाच्या काट्यापुढच्या काचेवर, चाळीसच्या आकड्याला लाल टेपची बारीक पट्टी चिकटवली. आधी फुटपट्टीनं मधली जागा मोजून घेतली, मग चिकटवली. "काटा इथं राहिला पाहिजे," म्हणाले. अक्का म्हणाली, "आणि शिक्का कुठं मारणार? माझ्या कपाळावर?" पण काटा तिथंच राहिला. वर्षानुवर्षं. तासगाव ते सांगली, तासगाव ते कवठेमहांकाळ, लग्नं, बारशी, पंचकल्याणक पूजा, त्रिशलाला कॉलेजात सोडणं, सगळं चाळीसनं. बैलगाड्या सोडल्या तर सगळी वाहनं त्यांना ओलांडून जात. एकदा बैलगाडीही गेली असं अक्का सांगायची, पण दाजी म्हणायचे, तिथं उतार होता.

दाजींनी निवृत्त झाल्यावर स्वतःचं लायसन काढलं होतं. ते अंगणात गाडी फाटकापर्यंत पुढं आणि हौदापर्यंत मागं घ्यायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते सांगायचे.

दाजींनी स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"ऐक," ते म्हणाले. "मेव्हणा म्हणून ऐकू नकोस. मास्तर म्हणून ऐक."

"ऐकतो."

"त्या दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, निघालीय म्हणाले. निघालीय म्हणजे कुठून ते सांगेनात. म्हणून मी किल्ली घेतली. ती सवयीनं स्टेअरिंगच्या बाजूलाच निघाली होती. मी म्हटलं, अगं, इकडं बस."

दाजी हे सगळं साक्ष दिल्यासारखं सांगत होते.

"गावाबाहेर रस्ता मोकळा होता. मी वेग वाढवायला गेलो. तर गाडी उचकी दिल्यासारखी करायला लागली. चाळीसच्या जवळ आली की मागून कोणी दोरीनं ओढावं तशी. मी पाय उचलायचो. परत दाबायचो. परत तेच. मग मी तिसानंच नेली. सांगलीपर्यंत."

"अक्का काही म्हणाली?"

"'दाबा' म्हणाली. दोन वेळा." दाजींनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. "नंतर नाही म्हणाली."

मी पिशवीतून मीटर बाहेर काढला.

"डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर."

"दाजी, डॉक्टर ते वाक्य सगळ्यांनाच म्हणतात."

"म्हणत असतील. तराजूत खोट सापडली की व्यापारीसुद्धा सगळे एकच वाक्य म्हणायचे. म्हणून खोट नसायची असं नाही." चष्मा परत नाकावर चढला. "आता मला एवढंच सांग. गाडीनं उचकी दिली का माझा पाय थरथरत होता? त्रिशला म्हणते, बाबा, आता काय करायचंय कळून? तिला काय सांगू? रात्री झोपेत उजवा पाय दाबतो मी. गादीवर."

एकूण प्रकरण असं होतं. गाडी विकली की पुरावा जाणार होता.

"दाजी, बसा आधी," मी म्हटलं. "कसं असतं ते सांगतो. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल आत जातं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पाय दाबला की एक तार ओढली जाते, आणि इंजिनात हवा जाते त्या नळीतली एक चकती फिरते. गोल झडप समजा. जेवढा पाय, तेवढी झडप उघडी, तेवढी हवा. पण हवेबरोबर पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. आता त्या कॉम्प्युटरला तुमचा पाय दिसतो का?"

"नाही."

"मग त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे, झडप एवढी उघडलीय बाबा. ते काम याचं." झडपेच्या दांड्याच्या टोकाला बसवलेली काळी डबी मी बोटानं दाखवली. काडेपेटीपेक्षा जरा लहान. "हा सेन्सर. आत कार्बनचा एक कमानीसारखा पट्टा असतो आणि त्यावरून सरकणारा एक पत्र्याचा काटा. झडप फिरली की काटा सरकतो. बंद असली की अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचार. मधलं सगळं मधे. आपल्या जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण नव्हतं का? आत हेच असायचं."

"आमच्या रेडिओचं बटण खरखरायचं," दाजी म्हणाले. "एका ठिकाणी."

"तेच! पट्टा खराब झाला की तिथं निरोप तुटतो. इथं निरोप तुटला की कॉम्प्युटरला वाटतं, साहेबांनी पाय उचलला. तो पेट्रोल तोडतो. गाडी मागं खेचल्यासारखी होते."

"मग बघ," दाजी म्हणाले.

मी गाडीची किल्ली एक घर फिरवली, इंजिन चालू केलं नाही. सेन्सरच्या निरोपाच्या वायरीत मागून टाचणी खोचली आणि मीटरची एक वायर तिला, दुसरी बॅटरीच्या काळ्या बाजूला लावली. मीटर दाजींच्या हातात देणार होतो, पण त्यांनी तो घेतला, स्टुलावर ठेवला, स्टुलाच्या एका पायाखाली फरशीची कपची दाबून ते समतल केलं आणि काचेवर नखानं टिचकी मारली.

"तराजू असाच तपासायचा," ते म्हणाले. "वजन चढवत जायचं. मग उतरवत जायचं. तीन वेळा. एकदा दिसलं ते दिसलंच नाही असं धरायचं. आकडेवाल्या मीटरमध्ये आकडे उड्या मारतात. काटा मात्र खोटं बोलताना दिसतो."

हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, पण इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. "हळूहळू दाबतोय."

"दाब."

"दाबतोय."

"अर्धा," बॉनेटपलीकडून दाजींचा आवाज आला. तो आवाज मी फार दिवसांनी ऐकत होतो. बाजारात ऐकलेला निरीक्षकाचा आवाज. "पाऊण. पाऊणच्या वर. एक. एकच्या पुढं... पडला!"

"किती पडला?"

"शून्यावर! आला परत वर. दीड. दोन. जाऊ दे पुढं. अडीच. साफ आहे. तीन. साफ. चार. साडेचार. संपला. आता उतरव."

मी पाय उचलत आणला.

"तीन... दोन... दीड... पडला. तिथंच. परत चढव."

तीन वेळा चढवलं, तीन वेळा उतरवलं. दर वेळी काटा एकाच जागी पडला. बाकीचा पट्टा स्वच्छ होता. मग दाजींनी मला बाहेर काढलं, स्वतः सीटवर बसून दाबलं आणि मला वाचायला लावलं. काटा त्यांच्या पायानंही तिथंच पडला.

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. दाजी स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"पाय बरोबर होता?" त्यांनी विचारलं.

"पाय बरोबर होता. तुम्ही दाबलंत. गाडीला तो निरोप पोचलाच नाही. माझ्यासारख्या मास्तरालासुद्धा तिथं पाय मागं घ्यावासा वाटला असता."

"मेव्हणा म्हणून बोलतोस?"

"काटा कोणाचाच मेव्हणा नसतो."

दाजी गाडीतून उतरले, तोंडावर पंचा धरून हौदापाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. पण निर्दोष सुटल्याबरोबर ते पूर्ववत दाजी झाले. काट्याचा मीटर मागितला तेव्हाच मला अंदाज आला होता, म्हणून नवा सेन्सर बरोबर आणला होता, तो बसवायला घेतला तर म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर तिरका धरलायस. आटे जातील." दुसरा स्क्रू घट्ट करताना म्हणाले, "बास. जास्त होतोय." मला बरं वाटलं. चार महिन्यांनी या घरात कोणीतरी कोणाची तरी चूक काढत होतं.

तिथंच मी गाशा गुंडाळून सांगलीची एसटी धरायला हवी होती. पण मास्तर मंडळींना एक खोड असते, जुना भाग फोडून आत काय आहे ते दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी पक्कडीत धरून जुन्या सेन्सरचं झाकण उडवलं.

"हे बघा, दाजी. हा काळा पट्टा. आणि हा बघा घासलेला भाग. किती बारीक आहे."

दाजी आत जाऊन त्यांचं जुनं भिंग घेऊन आले. वजनांवरचे शिक्के तपासायचं भिंग. ओसरीच्या कडेला बसून त्यांनी तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. दोन्ही बाजूंना काळाभोर, गुळगुळीत. मध्ये, सुरुवातीपासून जरा पुढं, नखाच्या टोकाएवढी जागा पांढुरकी पडली होती. कार्बन गेलेला, खालचा भाग उघडा.

"बाकी कुठं ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग इथंच का?"

मी हत्यारं पुसायला घेतली. "माल जुना होतो, दाजी. कुठंतरी झिजायचाच."

"कुठंतरी नव्हे. एकाच ठिकाणी झिजलाय." भिंग डोळ्यापासून हललं नाही. "आमच्या रेडिओचं बटण मी सकाळी बातम्यांना ज्या आवाजावर ठेवायचो, तिथंच खरखरायचं. वर केलं की साफ, खाली केलं की साफ. का?"

"का म्हणजे... काटा एकाच जागी राहिला की तिथंच घासतो. सारखा थरथरत असतो ना. इंजिनाच्या हादऱ्यानं."

"म्हणजे इथं पाय जास्त राहिला."

"असेल."

"ही जागा म्हणजे किती वेग?"

"तसं सांगता येत नाही हो. गिअर कुठला, चढ आहे का, वजन किती—"

"टॉप गिअर. सपाट रस्ता. दोन माणसं."

मी पक्कड पुसत राहिलो. ती आधीच स्वच्छ होती.

"भरत, तू वर्गात कधी मुलांना चुकीचं सांगितलंस?"

"चाळीस," मी म्हटलं. "चाळीसच्या आसपास."

दाजींनी भिंग खाली ठेवलं. डबीतून पडलेला कार्बनचा चुरा त्यांनी बोटाच्या टोकावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि बघत बसले.

"लाल पट्टी मीच लावली होती," ते म्हणाले.

"दाजी, ही गाडी हजारो लोकांकडं आहे. सेन्सर सगळ्यांचेच जातात."

"सगळ्यांचे जातील. हा माझ्यामुळं गेला. मी रोज तिचा काटा तिथं धरून ठेवला. आणि ज्या दिवशी तिथून पुढं जायचं होतं, त्या दिवशी ती जागाच उरली नव्हती."

आयुष्यभर मी कुठल्याही प्रसंगी काहीतरी चेष्टा करून सुटत आलो. त्या संध्याकाळी सुटायला जागाच नव्हती. म्हणून मी तोंडाला जे आलं ते बोलून गेलो.

"अक्का तुमचं सगळं ऐकायची असं वाटतं का तुम्हाला?"

दाजींनी मान वर केली.

"तुम्ही पंचांच्या बैठकीला कुंभोजला गेला होतात बघा, तेव्हा अक्कानं मला विट्याला नेलं. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला. गाव मागं पडल्याबरोबर तिनं दाबली. ऐंशी."

"ऐंशी?"

"ऐंशी. मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो."

"सीटबेल्ट होता का तिला?"

"होता."

"तुला?"

"मलाही होता."

दाजींनी मान हलवली. तेवढं तपासून झालं, असं.

"मग?"

"मग काय. काचा खाली केल्या. पदर खांद्यावरून सुटून मागं उडायला लागला. गाणी म्हणत होती. एकही धड पाठ नव्हतं, मधले शब्द स्वतःचे घालत होती. परत येताना नाक्यापाशी आल्यावर चाळीसवर आणली आणि म्हणाली, 'दाजींना बोललास तर बघ.'"

"कितीदा झालं असं?"

"मला माहीत आहे तेवढं एकदाच. ती एकटी असताना काय करायची ते मला कसं माहीत?"

दाजी उघड्या सेन्सरकडं बघत राहिले. मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि पट्ट्याचा पुढचा, लांब भाग फिरून पाहिला.

"ऐंशी इथं कुठंतरी येत असेल."

"हो. जरा पुढं. इकडं."

"इथं काहीच झिजलेलं नाही."

"नाही."

"म्हणजे फार वेळा गेली नाही ती."

"नसेल गेली."

"मी नसताना झीज नाही. मी असताना सगळी." भिंग परत पांढुरक्या जागेवर आलं. "एवढं सगळं मी शेजारी बसलेला असतानाचं आहे."

अंगणात हौदावर एक साळुंकी पाणी पीत होती. शेजारच्या घरात कोणीतरी खलबत्त्यात काही कुटत होतं. दाजींनी सेन्सरचं झाकण उचललं, जागेवर बसवून बघितलं, ते बसेना. दोनदा प्रयत्न केला. मग दोन्ही तुकडे ओसरीच्या कडेला एकमेकांशेजारी ठेवून दिले.

"गायची म्हणतोस," ते म्हणाले.

"वाईट गायची."

"ते मला माहीत आहे. न्हाणीघरात गायची." आणि मग, माझ्याकडं न बघता, "माझ्यासमोर लाजायची का काय, कोण जाणे."

त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला. तो हसण्याचा आहे असं समजून मी हसायला लागलो आणि मग थांबलो.

ऊन भिंतीवरून पार वर सरकलं होतं. मी हत्यारांची पिशवी आवळली. एसटीची वेळ होत आली होती आणि त्यांना या घरात एकटं सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. गाडी विकायची का ठेवायची ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दाजी गुडघ्यावर हात टेकून उठले, पश्चिमेकडं तोंड करून, डोळ्यांवर हात धरून त्यांनी सूर्य किती उरलाय ते बघितलं. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात.

"भरत," ते म्हणाले, "आत जाऊन तेवढा कुकर लावतोस का? मला त्याचं झाकण बसत नाही."